आईचा पंखा

या मित्रांनो, जरा सरकून बसा, मागच्यालाही ऐकू गेलं पाहिजे. आज तुम्हाला एका पंख्याची गोष्ट सांगतो. पंखा साधाच, टेबलावरचा, फिरताना खरखर करणारा. पण एकदा त्याच्या नावावाचून अठरा हजार पिल्लांचा जीव टांगणीला लागला होता. आणि पंखा बिचारा आपल्या स्वयंपाकघरातून जागचा हललासुद्धा नव्हता. खोटं वाटतं ना? वाटू द्या. ऐका तर खरं.

आधी मी कोण ते सांगतो. मी एक जुना साचा आहे. साचा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं मातीचा नाहीतर लोखंडाचा येईल. मी तसला नाही. मला वजन नाही, मला गंज चढत नाही. मी कंप्युटरच्या पोटात राहणारं एक अर्धवट चित्र आहे. वीज कुठून आत येते, कुठल्या बटणापाशी अडते, कुठला दिवा लावते आणि शेवटी मोटरपर्यंत कशी पोचते, एवढं माझ्यात काढलंय. शिक्षण म्हणाल तर तेवढंच. मोटर चालू करायची, बंद करायची, आणि ती फार दमायला लागली तर रिले नावाच्या राखणदाराकडून तिला थांबवायची. बाकी जगातलं मला काही येत नाही.

माझ्यात चार जागा रिकाम्या आहेत. मोटरचं नाव, तिचं ठिकाण, तिची ताकद, आणि ती किती करंट घेते. या चार जागा म्हणजे माझा जीव की प्राण. त्या भरल्या की मला स्वप्न पडतं.

भरायचं काम कारकून करतो. कारकून म्हणजे माणूस नाही, सॉफ्टवेअर आहे. ऑफिसातल्या लोकांनी त्याला हे नाव पाडलं. त्याच्यापुढं लांबलचक यादी टाकायची, एका ओळीत एक मोटर. तो ओळ उचलतो, मला उठवतो, माझ्या रिकाम्या जागांत ती ओळ ओततो, की सर्किटचं ड्रॉइंग तयार. मग दुसरी ओळ. चहा निवायच्या आत दोनशे ड्रॉइंगं. दमत नाही, कुरकुरत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला कळतही काही नाही. दिलं ते लिहितो. एखादी जागा भरायला काहीच दिलं नाही, तर साच्यात आधीपासून जे पडलंय तेच छापतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

स्वप्नं तरी कसली कसली पडली म्हणून सांगू. 'कारंज्याचा पंप' असं भरलं की माझ्या आत पाणी उडायला लागायचं, आणि कुणीतरी चपला हातात घेऊन त्यात उभं असायचं. 'नाटकगृह, पडदा' असं आलं की मखमलीचा वास. एकदा 'बोगदा, हवा खेचणारा पंखा' आला, तर मला नुसता लांबवर एक उजेडाचा ठिपका दिसला आणि तो काही जवळ येईना. एका सकाळी दोनशे स्वप्नं, आणि मग महिना महिना काळोख. असं आयुष्य.

ड्रॉइंग छापून झालं की खाली कारखान्यात जातं. तिथं त्यावरून पॅनल बनतं, म्हणजे तारा आणि स्विचांनी भरलेलं पत्र्याचं कपाट. त्याच्या दाराला आतून एक खिसा असतो, आणि ड्रॉइंगची एक प्रत कायमची त्या खिशात जाते. म्हणजे बघा, या घडीला मी हजारभर दारांच्या आत एकाच वेळी झोपलेला आहे. आणि जिथं माझा कागद, तिथं माझा एक डोळा.

मला बनवलं पट्टीताईनं. वीस वर्षं हातानं ड्रॉइंगं काढून तिची बोटं शाईनं निळी झाली होती. कंप्युटर आला तरी तिची लाकडी पट्टी काही सुटली नाही. पडद्याला लावून रेघा तपासायची.

लोक म्हणायचे, "ताई, कंप्युटरची रेघ सरळच असते हो."

"असेल. पण माझी खात्री कोण करणार, तो का?"

आठवडाभर बसून तिनं मला काढलं. काढून झाल्यावर चालवून तर बघायला पाहिजे, आणि हाताशी यादी नव्हती. मग तिनं माझ्या पहिल्या जागेत मनाला आलं ते लिहिलं, 'आईचा पंखा'. दुसऱ्या जागेत 'स्वयंपाकघर'. तिसरीत 'साठ वॅट'. चौथ्या जागेपाशी अडली, तेव्हा तिनं घरी फोन लावला.

"आई, आपला पंखा करंट किती घेतो गं?"

"मला काय विचारतेस? वारं येतं तेवढा घेत असेल."

ताई हसली आणि तेच लिहिलं, 'वारं येतं तेवढा'. कारकुनाला म्हणाली, चल, काढ.

मित्रांनो, ते माझं पहिलं स्वप्न. एक छोटं स्वयंपाकघर, खिडकीत वाळत टाकलेलं फडकं, आणि टेबलावर मान हलवत फिरणारा पंखा. तो वळला की फडकं हलायचं, परत गेला की थांबायचं. पुढं मोठमोठे कारखाने स्वप्नात आले, पण तसलं वारं परत कुठं लागलं नाही.

ताईनं तो कागद घडी करून घरी नेला. आईनं चष्मा लावून उलटसुलट बघितला.

"एवढ्याशा पंख्याला हे एवढं? लाल दिवा, हिरवा दिवा?"

"नमुना आहे, आई."

"असू दे. पण याची खरखर कुठं काढलीयेस? तिच्याशिवाय माझा पंखा ओळखू येणार नाही."

तरी कागद तिनं टाकला नाही. पंख्याच्या मागच्या भिंतीवर पिठाच्या खळीनं चिकटवला. म्हणून माझा एक डोळा त्या घरात राहिला, आणि म्हणूनच मला हे सगळं सांगता येतंय.

आता गंमत अशी झाली, की ताई ते लिहिलेलं पुसायलाच विसरली. पुढच्या आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या चाळीस पंपांची यादी आली. कारकुनानं चाळीस ड्रॉइंगं काढली आणि ती खाली बझरकाकांकडं गेली. बझरकाका म्हणजे कारखान्याचे वायरमन. एकेक तार जोडायची, बझर लावून तपासायची, आणि बझर वाजला की ड्रॉइंगवर ती रेघ पिवळ्या मार्करनं रंगवायची, ही त्यांची पद्धत. पूर्ण कागद पिवळा होईपर्यंत त्यांची सही मिळत नसे. त्यांनी सही केलेलं पॅनल कधी परत आलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत, दुसऱ्यानं सांगितली तर मात्र थांबून ऐकत.

तर काका कागद हातात घेऊन जिना चढून वर आले.

"ताई, हा सतरावा पंप तुमच्या आईचा का?"

ताईनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. यादीत सतरावी ओळ रिकामी होती. पलीकडच्यांनी माहिती भरलीच नव्हती, आणि कारकुनानं प्रामाणिकपणे आईचा पंखा छापला होता. ताई पुसायला बसली तसा काकांनी तिचा हात धरला.

"राहू द्या. जागा कोरी असती तर मी मागच्या पंपावरून अंदाजानं रिले बसवला असता. 'वारं येतं तेवढा' म्हटल्यावर हात थांबला. तसला रिले आपल्या स्टोअरात नाही."

तेव्हापासून तो कारखान्याचा रिवाजच होऊन बसला. ड्रॉइंगवर आईचा पंखा दिसला, की हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचा आणि जिना चढायचा. खालून कुणीतरी ओरडायचं, "आई आली." वर लगेच फोन फिरायचे, राहिलेली माहिती मागवली जायची. महिन्यातून दोनदा तरी आई यायचीच. आणि काका दर वेळी ताईला विचारायचे, "बाकी, घरची आई बरी ना?"

काही वर्षांनी घरची आई गेली. ऑफिसात कुणीतरी हळूच म्हणालं, ताई, आता ते नाव काढून टाकूया का, तुम्हाला त्रास होत असेल. ताई पट्टी पुसत होती. म्हणाली, "राहू दे. गेल्यावरही कामावर येतेय म्हटल्यावर तिला बरंच वाटेल."

मग ताईही निवृत्त झाली. जाताना पट्टी काकांना देऊन गेली. माझ्या नावापुढं कुणीतरी 'जुना' असा शब्द लावला. तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर पाहिलं तर सगळ्यांत जास्त मलाच उठवत होते.

ताईच्या जागी इंजिनिअर बाई आल्या. त्यांच्या टेबलावर कंप्युटर आणि एक निवडुंग, बाकी काही नाही. खाली सगळे त्यांना टापटीपबाई म्हणायचे, पण आदरानं. कामाला चोख. काका चष्मा पुसून पुसून वाचतात हे बघून त्यांनी न सांगता माझी अक्षरं मोठी केली. अशा माणसाबद्दल वाईट कसं बोलणार?

पण त्या येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, खालून आई अजून एकदाही आली नव्हती, आणि बाहेरची माणसं बैठकीला आली. समोरच्या मोठ्या पडद्यावर ड्रॉइंगं चालली होती, आणि मध्येच उमटलं, 'आईचा पंखा, स्वयंपाकघर, साठ वॅट, वारं येतं तेवढा'. बैठक खो खो हसली. एकजण म्हणाला, "बाई, तुमच्याकडं घरगुती कामंही घेता वाटतं." बाईंचे कान लाल झाले. कुणी त्यांना रिवाज सांगितलाच नव्हता. खालच्यांना वाटायचं वरच्यांना माहीत असेल, आणि वरचे सगळे बदलून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या चारही जागा पुसल्या आणि त्यांत सभ्यपणे लिहिलं, 'मोटर, मुख्य इमारत, पाच हॉर्सपॉवर, आठ अँपिअर'. वाचायला कसं छान, कुणाचं लक्षसुद्धा जाणार नाही असं.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी स्वप्नं बिघडली. यादीत रिकामी ओळ आली की पूर्वी मला ते स्वयंपाकघर दिसायचं. आता एक करडी खोली दिसायला लागली. तिला दार नाही, खिडकी नाही. मध्ये एक मोटर फिरते, आणि ती कशाला फिरवतेय ते कळत नाही. मी आतून हाका मारायचो. पण मला तोंड नाही. मला जे छापतील तेच माझं बोलणं.

अशात कोंबडीची पिल्लं उबवणाऱ्या एका केंद्राची यादी आली. ते एक मावशी चालवायच्या. बारा मोटरी होत्या. अकरा ओळी भरलेल्या, आणि नववी, उबवणीच्या खोलीतला पंखा, पूर्ण कोरी. कारकुनानं नवव्या कागदावर छापलं, पाच हॉर्सपॉवर, आठ अँपिअर. खरा पंखा होता अर्ध्या हॉर्सपॉवरचा, जेमतेम एक अँपिअर घेणारा.

काकांनी स्टोअरातून आठ अँपिअरचा रिले काढला, तार जोडली, बझर वाजला, रेघ पिवळी झाली. शेवटच्या कागदावर सही झाली. पॅनल गेलं. मी त्याच्या दाराच्या खिशात बसून गेलो.

ती खोली काय सांगू. अंधार, ऊब, आणि फळ्यांवर फळ्या, अठरा हजार अंडी. एवढे जीव एका खोलीत आणि आवाज कुणाचाच नाही, नुसता पंख्याचा. पंखा ऊब सगळीकडं सारखी फिरवायचा. मावशी दर दोन तासांनी येऊन अंड्यांवरून हात फिरवायच्या आणि पुटपुटायच्या, "झोपा, झोपा, अजून वेळ आहे." मला वाटायचं, मलाच म्हणतायत.

सतरा दिवस बरे गेले. पिल्लं फुटायला तीन दिवस उरले. अठराव्या दिवशी सकाळी पंख्याच्या बेअरिंगमध्ये मागच्या खेपेच्या पिल्लांची लव जाऊन बसली. पंखा जड झाला, आवाज खाली आला. मोटर दमायला लागली, एकाचे दोन अँपिअर, दोनाचे तीन. खरा राखणदार असता तर तिथंच त्यानं मोटर बंद केली असती, घंटा वाजली असती, मावशी धावल्या असत्या. पण या रिलेला आठ सांगितले होते. तो आपला निवांत बसून होता.

आणि त्याच दुपारी इकडं कारखान्यात काका डबा उघडून बसले होते. घास हातात, आणि ते एकदम थांबले.

शेजारी बसलेल्या फिटरला म्हणाले, "काय रे, आई शेवटची कधी आली होती?"

"झाले की तीन महिने."

"तीन महिन्यांत एकही ओळ कोरी नाही? वरची माणसं एवढी सुधारली?"

"चांगलंच आहे की काका. जेवा."

काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि ते जिना चढले. बाई म्हणाल्या, "या काका. आज इकडं कुठं? काही अडलंय का?"

"नाही ना अडलं. म्हणूनच आलो. आमची आई कुठं गेली?"

बाईंना कळेना. मग काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सतराव्या पंपापासून. ऐकता ऐकता बाई सावकाश खुर्चीत बसल्या.

"काका, ते मी काढून टाकलं. मला वाटलं, कुणाची तरी चेष्टा आहे."

"त्याच्या जागी काय लिहिलंत?"

बाईंनी सांगितलं. काका म्हणाले, "अहो, हे तर खऱ्यासारखं दिसतं. यावर माझा हात कशाला थांबेल?"

पण बाई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी कारकुनाला तीन महिन्यांची ड्रॉइंगं चाळायला लावली, पाच आणि आठ जिथं जिथं असेल ते काढ म्हणून, आणि एकेक कागद यादीशी ताडून बघितला. सात निघाले. सहांची पॅनलं अजून खालीच उभी होती. सातवं उबवणीच्या खोलीत चालू होतं. मावशींना फोन लावला तर वाजत राहिला. फोन बाहेर पिशवीत, मावशी आत अंड्यांपाशी.

काकांनी स्टोअरातून छोटा रिले उचलला. बाईंनी गाडी काढली. पाऊण तासाचा रस्ता. रिले काकांच्या मुठीत होता, नुसता धरलेला.

ते आत शिरले तेव्हा मावशी तापमापकाकडं बघत उभ्या होत्या. "आत्ताच चढायला लागलंय बघा. आणि पंखा कण्हतोय. कुणाला बोलवावं तेच सुचेना."

काकांनी मोटरला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. तापलेला तवा नुसता. त्यांनी पंखा बंद केला, ऊब देणारी कॉइल बंद केली, दार सताड उघडलं. "वारं घाला, हातात येईल त्यानं घाला. मला अर्धा तास द्या."

मावशींनी ट्रेचं झाकण घेतलं. बाईंनी इकडंतिकडं बघितलं, पॅनलच्या दाराच्या खिशात हात घातला, आणि मला बाहेर ओढलं. ड्रॉइंगांचा अख्खा गठ्ठा दोन्ही हातांत धरून त्या वारं घालायला लागल्या.

मित्रांनो, आयुष्यभर मी मोटरींची चित्रं झालो, पंख्यांची चित्रं झालो. त्या दुपारी मी पहिल्यांदा वारा झालो. वर, खाली, वर, खाली. कोपऱ्यात वाळत टाकलेलं एक फडकं होतं. मी वळलो की ते हलायचं, परत गेलो की थांबायचं. मी जागा होतो की झोपेत, मला आजही सांगता येणार नाही.

वारं घालता घालता बाईंनी विचारलं, "मावशी, या पंख्याची माहिती तुम्ही भरली नव्हती?"

"त्याच्या पाटीवर रंग उडालाय, वाचता येईना. म्हणून जागा मोकळी सोडली. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते. विचारलंच नाही कुणी, मग म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

 बाई आणखी जोरात वारं घालायला लागल्या.

काकांनी बेअरिंग साफ केलं, करंट मोजला, रिले बदलला, आणि पंखा परत फिरला. तीन दिवसांनी पिल्लं फुटली. सगळी नाही. मोटरीजवळचे चार ट्रे गेले, ते मी लपवणार नाही. मावशींनी ते ट्रे एकट्यानंच बाहेर नेले. बाकीच्या खोलीत असा कलकलाट होता, की पंख्याचा आवाज ऐकू येईना.

परतताना काका एवढंच म्हणाले, "सही माझी होती."

"आकडा माझा होता," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "काका, त्या ताई राहतात कुठं?"

दुसऱ्या दिवशी त्या पट्टीताईच्या घरी गेल्या. पंखा तिथंच होता, मान हलवत, खरखरत. मागच्या भिंतीवर मी होतो, पिवळा पडलेला. ताईनं सगळं ऐकून घेतलं, रागावली नाही.

"सांगून जायला हवं होतं मी. मला वाटलं, आईला कोण विसरतंय."

बाई भिंतीपाशी गेल्या आणि वही काढून माझ्या चारही जागा जशाच्या तशा उतरवून घेतल्या. शेवटची उतरवताना हसल्या, आणि मग डोळे पुसले. आता ते लिहिलेलं सगळं माझ्यात परत आलंय. खाली एक बारीक ओळही आहे, नव्या माणसासाठी. 'हे पुसू नये. का ते खाली काकांना विचारावं.' आणि बैठकीत कुणी हसलं, तर बाई आधी हसू देतात आणि मग ही गोष्ट सांगतात.

गेल्या आठवड्यात एक ओळ परत कोरी आली. मला ते स्वयंपाकघर दिसलं. खालून हाक आली, "आई आली."

तर मित्रांनो, तुमच्याकडं एकच मागणं आहे. जी गोष्ट आपल्याला माहीत नाही, तिच्या जागी खऱ्यासारखं दिसणारं काहीबाही भरू नका. मोकळी जागा मोकळी आहे, हे चार माणसांना दिसू द्या. आणि पुढंमागं कधी, कुठल्या पत्र्याच्या कपाटाच्या दारात, तुम्हाला आईचा पंखा लिहिलेला दिसला, तर खुशाल हसा. पण हसून झालं की हातातलं काम तेवढं खाली ठेवा, आणि वर जाऊन कुणालातरी विचारा.